बंद शाळेचे वीजबिल

सार्वजनिक शाळांच्या खर्चात काटकसर करण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा खडूपासून सुरू होते आणि कागदापाशी संपते. काही वर्षे अशा एका शाळेच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे होते, आणि सुरुवातीला मीही झेरॉक्सच्या पानांचाच हिशेब करीत बसलो होतो. शाळेच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो आणि त्यावर शाळेचा अधिकार जवळजवळ नसतोच. उरलेल्या खर्चात मात्र वीज, पाणी आणि इमारतीची देखभाल या तीन गोष्टी अशा आहेत की त्यांत शाळेला स्वतःहून काही करता येते. त्यांतही पैसा सर्वांत जास्त कुठे गळतो, हे मला फार उशिरा कळले.

वर्षाचे एकूण तास ८,७६० असतात. शाळा वर्षातून २०० दिवस आणि दिवसाला ८ तास उघडी राहते असे धरले, तर ती १,६०० तास चालते आणि उरलेले ७,१६० तास, म्हणजे वर्षाचा चार पंचमांशाहून अधिक काळ, बंद असते. या बंद काळात पाण्याचे कूलर, स्टँडबायवर राहिलेले संगणक आणि प्रिंटर, कुणीच बंद न केलेला आवारातला दिवा असे सगळे मिळून सरासरी फक्त ५०० वॅट वीज ओढत राहिले, तरी वर्षाकाठी ३,५८० युनिट खर्च होतात. आता याच्या शेजारी दिव्यांचा हिशेब मांडून पाहावा. जुनी ३६ वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ४५ वॅट घेते आणि तिच्या जागी येणारी एलईडी सुमारे २० वॅट. सहा ट्यूबांच्या वर्गात त्या रोज ६ तास लागतात असे मानले, तर वर्षभरात १८० युनिट वाचतात. म्हणजे २० वर्गांचे सगळे दिवे बदलून जेवढी वीज वाचेल, जवळपास तेवढीच त्या ५०० वॅटच्या बेवारस भारात वाया जाते. दिवे बदलू नयेत असे मी म्हणत नाही, ते बदलावेतच. पण दिव्यांना खरेदी लागते, मंजुरी लागते, आणि कूलरचे बटण बंद करायला या दोन्हींपैकी काहीही लागत नाही.

हे तपासण्याची रीत अगदी साधी आहे. सुट्टी लागण्याच्या संध्याकाळी सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्याने मीटरचे रीडिंग वहीत टिपावे आणि शाळा उघडण्याच्या दिवशी, एकही बटण दाबण्यापूर्वी, ते पुन्हा टिपावे. दोन्हींतला फरक मधल्या तासांनी भागला की रिकामी इमारत तासाला किती वीज घेते ते समोर येते. पाण्याच्या मीटरलाही हाच न्याय लावावा, कारण रिकाम्या इमारतीत फिरणारा पाण्याचा काटा गळतीखेरीज फारसे काही सांगत नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ, थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर, दिवसाला सुमारे साडेएकवीस लिटर पाणी घालवतो. आवाज न करता आतल्या आत वाहणारी फ्लशची टाकी याच्या कितीतरी पट पाणी घालवते आणि ती कुणाच्या नजरेसही येत नाही.

वर्गातल्या दिव्यांविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ‘बाहेर पडताना दिवे बंद करा’ अशी पाटी जवळपास प्रत्येक दारावर असते, पण पुष्कळ वर्गांत खिडकीलगतची रांग आणि भिंतीकडची अंधारी रांग एकाच बटणावर जोडलेली असते. अंधाऱ्या बाजूसाठी दिवा लावला की उजेडातलाही लागतो, मग पाटी कितीही ठळक असो. वायरमनकडून खिडकीला समांतर रांगा वेगळ्या करून घेतल्या तर पाटीचे निम्मे काम आपोआप होते.

वीजबिलातला स्थिर आकार, म्हणजे वापरलेल्या युनिटांच्या रकमेखेरीज द्यावा लागणारा आकार, हा भाग तर कुणी वाचतही नाही. जिथे हा आकार मंजूर भारावर (एका वेळी किती वीज घेता येईल याच्या मंजूर मर्यादेवर) किंवा महिन्यातल्या सर्वाधिक मागणीवर (एका वेळी प्रत्यक्ष ओढलेल्या सर्वांत जास्त विजेवर) ठरतो, तिथे वर्ग भरलेले असताना पाण्याचा पंप चालवणे महागात पडू शकते. तोच पंप वर्ग भरण्यापूर्वी चालवला तर युनिट तेवढेच लागतात, पण मागणीचा आकडा खाली राहतो. भार पूर्वी कधीतरी गरजेपेक्षा जास्त मंजूर करून घेतलेला असेल, तर तो कमी करण्याचा एक अर्जही पुरतो.

देखभालीवरचा खर्च पुढे ढकलणे याला मात्र बचत म्हणायला मी तयार नाही. छताची भेग यंदा बुजवली नाही, तर कागदावर पैसे शिल्लक दिसतात आणि काही वर्षांनी गंजलेल्या सळया, उडालेला गिलावा आणि खराब झालेले वायरिंग अशा तिन्ही कामांचे अंदाजपत्रक एकदम येते.

राहता राहिला प्रश्न असा की हे सगळे कुणी आणि का करावे. बिल वरच्या कार्यालयातून परस्पर भरले जात असेल तर मुख्याध्यापकांना ते दिसतही नाही, आणि वाचलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या अनुदानातून कापली जात असेल तर काटकसर म्हणजे स्वतःचेच नुकसान ठरते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात १९९४ साली सुरू झालेल्या ‘फिफ्टी-फिफ्टी’ उपक्रमाने नेमकी ही गाठ सोडवली: वीज, उष्णता आणि पाणी यांवर जेवढी रक्कम वाचेल तिचा निम्मा वाटा शाळेलाच परत मिळू लागला. माझ्या मते यात निम्म्या वाट्याइतकेच महत्त्व तो कसा खर्च करावा हे शाळेनेच ठरवण्याला आहे, कारण ग्रंथालयात नवी पुस्तके आली की शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांनाच मीटरचे रीडिंग टिपण्याचे कारण सापडते.