पीएच सावरायचा असेल तर आधी केएच मोजा

फिश टँकचा पीएच ८ आला की लगेच 'पीएच डाउन'ची बाटली शोधू नका. आधी केएच मोजा. केएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट. टाकीत तयार होणारं आम्ल तेच जिरवतं. बोअरच्या पाण्यात ते भरपूर असेल, तर थेंब टाकल्यावर पीएच उतरतो आणि एक-दोन दिवसांत पुन्हा वर येतो. माशांना ८ पेक्षा ही चढउतारच जास्त सोसत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी तर ८ ला मजेत राहतात.

बोअरच्या ताज्या पाण्याचा पीएच मोजून उपयोग नाही, त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो कमी दिसतो. बादलीत एअरस्टोन (पंपाला जोडलेला, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून २४ तास ठेवा, मग मोजा.

केएचचं किट साधं असतं. नळीत ५ मिली पाणी घ्या, एकेक थेंब टाकून हलवा. निळा रंग पिवळा होईपर्यंत जितके थेंब लागले, तितके डिग्री केएच. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा.

पहिल्याच थेंबाला पिवळं झालं, तर खरी काळजी तिथे आहे. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खर्च करत असतात. पाणी बदलायचं राहून गेलं की तो संपतो आणि पीएच ६ च्या खाली घसरतो. मग बॅक्टेरियाही थंडावतात, अमोनिया साठतो. आम्ल पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे तग धरतात. अशा वेळी निम्मं पाणी एकदम बदललं आणि पीएच ८ कडे गेला, की त्याच अमोनियमचं विष होतं आणि मासे दगावतात. म्हणून रोज १० टक्केच बदला, आणि तोवर खाणं अगदी कमी.

केएच १ डिग्रीने वाढवायला १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. बेकिंग पावडर चालणार नाही. मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेत ओता. दिवसाला एकच डिग्री, ४ ला थांबा.

कमी करायचा असेल, तर आरओचं पाणी मिसळा. १२ डिग्रीच्या एक बादली बोअरमध्ये दोन बादल्या आरओ घातलं की ४ होतो. मिसळायचं टाकीबाहेर. एवढं करूनही केएच चढत राहिला, तर दगडांवर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसला तो दगड बाहेर काढा. शिंपले आणि मार्बलची खडीही काढा. पीएच खाली आणायला वापरतात ती देशी बदामाची वाळलेली पानं केएच उतरल्यानंतरच घाला, जड पाण्यात त्यांचा नुसता रंग उतरतो.