हॅरिएटचा ट्रेलर आणि शेजारच्या काकू

२८ जुलै २०१९, रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये त्यामुळे लिहून टाकते. कालपासून टीव्हीवर नुसतं बाल्टिमोर बाल्टिमोर चाललंय, ट्रम्पने ट्विट केलं की इथल्या खासदाराचा, म्हणजे एलायजा कमिंग्जचा मतदारसंघ म्हणजे उंदीर-घुशींनी भरलेली घाण जागा आहे. आज सकाळी लातूरहून आईचा फोन, "तुमच्याकडं उंदरं लई झालेत म्हणं?" आता आईला कुठून सुरुवात करून सांगू.

पण झोप त्यामुळे गेलेली नाही, ट्रेलरमुळे गेलीये.

मंगळवारी हॅरिएट टबमनवरच्या सिनेमाचा ट्रेलर आला. हॅरिएट म्हणजे गुलामगिरीतून स्वतः पळून मग इतरांनाही सोडवून आणणारी अमेरिकेतली काळी बाई. नाव नुसतं 'हॅरिएट', डायरेक्टर केसी लेमन्स, १ नोव्हेंबरला येतोय. मी लगेच आमच्या मराठी ग्रुपवर टाकला कारण जूनमध्ये आम्ही चार फॅमिली मिळून तिच्याच गावाकडे जाऊन आलो होतो, बे ब्रिज ओलांडून रूट ५० ने मेरीलँडमधल्याच केंब्रिजला. तिथे रेस स्ट्रीटवर (हो, रस्त्याचं नावच ते) तिच्या छोट्याशा म्युझियमच्या भिंतीवर यावर्षी मेमध्ये एक मोठं चित्र काढलंय, विटांची भिंत फोडून हॅरिएट आपल्याकडे हात पुढे करतीये, मागे दलदल आणि होडी. लोक रांगेत उभं राहून त्या हातात हात ठेवून फोटो काढतात. माझ्या मुलीनेही ठेवला आणि लगेच काढला, भिंत उन्हाने तापून तव्यासारखी झाली होती. मग ओढणीचा बोळा करून त्यावर हात ठेवून फोटो काढला, फोटोत ते कळत नाही.

तर ट्रेलरवर ग्रुपमध्ये तीन अंगठे आले आणि एकाने "नाइस, वीकेंडला कोण कोण येणार पॉटलकला" विचारलं. ते जाऊ दे. मी मूर्खासारखी ट्रेलरच्या खालच्या कमेंट्स वाचत बसले, एक वाजला. निम्मे लोक अंगावर काटा आला म्हणतायत आणि बाकीचे चिडलेत. त्यातही दोन तऱ्हा. काहीजण म्हणतात पुन्हा साखळ्या, पुन्हा चाबूक, आमच्या लोकांवर सिनेमा काढायचा तर गुलामगिरीच कशी आठवते तुम्हाला. दुसऱ्यांचा राग हिरॉइनवर. सिंथिया एरिव्हो ही लंडनची, आईवडील नायजेरियातून आलेले, आणि ती अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आजीचा रोल करणार हे त्यांना पचत नाहीये. हे काही आत्ताचं नाही, गेल्या वर्षी सप्टेंबरमध्येच '#हॅरिएटडिझर्व्ह्जबेटर' (हॅरिएटला याहून चांगलं मिळायला हवं) चाललं होतं, कोणी पिटिशन काढलं, कोणी तिची जुनी ट्विट्स शोधून काढली ज्यात तिने अमेरिकन काळ्यांच्या बोलण्याची थट्टा केली असं लोकांचं म्हणणं. तिने इन्स्टाग्रामवर मोठं उत्तरही लिहिलं होतं तेव्हा.

मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काळीच आहे ना? मग प्रॉब्लेम काय?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मला वाटलं ह्या लोकांना कशानेच समाधान नाही. म्हणजे या महिन्यातच गोऱ्या लोकांनी केवढा तमाशा केला, डिस्नेने जलपरीच्या रोलसाठी हॅली बेली ही काळी मुलगी घेतली तर 'माझी एरियल ही नाही' म्हणून रडारड, अरे बाबा अर्धी मासा आहे ती, माशाला कसला आलाय वंश. त्या रडारडीवर मी हसले होते आणि त्याच हसण्याच्या भरात हॅरिएटवाल्यांनाही त्याच खात्यात टाकून मोकळी झाले.

मग आज दुपारी शेजारच्या काकू आल्या.

काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, काळ्या अमेरिकन, सत्तरीच्या पुढच्या, शाळेत लायब्ररियन होत्या. तोंडावर मी त्यांना मॅम म्हणते पण घरात आमच्या सगळ्यांच्या त्या काकूच. त्यांचं माहेर तिकडचंच, ईस्टर्न शोअरचं, म्हणजे बे ब्रिजच्या पलीकडचं, हॅरिएटच्या गावापासून पाऊण तासावर. कुंडीतले टोमॅटो द्यायला आल्या होत्या, मी चहा ठेवला, त्यांना आलं घातलेलाच लागतो आता. ट्रेलर बघितला का विचारलं तर टोमॅटो पुसता पुसता म्हणाल्या, बघितला, पोरगी चांगली आहे, हातात पिस्तूल शोभतं तिला.

मी म्हटलं मग लोक का चिडलेत?

त्या म्हणाल्या, मी पण चिडलेय.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्यांच्याच शब्दांत आठवून ठेवायचंय पण इंग्रजीतलं मराठीत उतरेलच असं नाही. त्यांची आई एकोणीसशे चाळिसच्या आसपास तिकडून बाल्टिमोरला कामाला आली. बोलणं पक्कं तिकडचं, शेतावरचं. एका दुकानात कामाला लागायचं होतं तर मालकीण म्हणाली आधी नीट बोलायला शीक, गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. मग ती रात्री रेडिओ लावून बातम्या देणाऱ्याच्या मागोमाग एकेक वाक्य बोलायची, आरशासमोर. काकूंनी लहानपणी पलंगावर पडून ते ऐकलेलं आहे. शेवटी आईचं बोलणं इतकं साफ झालं की तिच्या सख्ख्या बहिणी तिला मडमीण म्हणायच्या. काकू म्हणाल्या, "माझ्या आईने आयुष्य घालवलं ते बोलणं तोंडातून काढून टाकण्यात. आता लंडनची एक मुलगी मास्तर लावून तेच बोलणं शिकते आणि तिला त्याचे पैसे मिळतात."

मी चहा गाळत होते. गाळणीतून चहा ओट्यावर गेला थोडा.

कारण मला एकदम हॉस्टेलची मेस दिसली. पुण्यात पहिल्या वर्षाला होते मी, लातूरहून आलेली, ताट हातात घेऊन मैत्रिणीला म्हटलं "तू बस, मी पाणी आणायलेय." मागच्या पोरी खी खी करून हसल्या. आठवडाभर 'आणायलेय, जायलेय, करायलेय' चालू, कोणी जिन्यात भेटलं तरी "काय करायलीस गं?" वाईट नव्हत्या त्या पोरी, एक तर आजही माझी जवळची आहे. पण मी तीन महिन्यांत 'आणतीये' वर आले. दिवाळीला घरी गेल्यावर आजी म्हणाली, "पोरगी पुण्यावानी बोलायली की." आजीला कौतुक होतं त्याचं. मला त्या वाक्याने त्यावेळी बरं वाटलं होतं, आता तेच आठवलं की कसंतरी होतं.

आणि मग पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर एक बाई बघितली, शहरातली नटी, गावाकडची सून झालेली. एका वाक्यात आमचं 'जायलोय', पुढच्या वाक्यात वऱ्हाडातलं 'बे', आणि शेवटी कोल्हापूरचं 'नाद खुळा'. सगळा महाराष्ट्र एका पातेल्यात. तिचं भारी कौतुक झालं, काय गावरान ठसका म्हणे. मी सोफ्यावर बसून एकटीच चिडले होते, आणि नवरा (डोंबिवलीचा) तेव्हाही हेच म्हणाला होता, "मराठीच आहे ना? मग प्रॉब्लेम काय?"

वाक्य तेच. फक्त यावेळी ते माझ्या मनात आलं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला काळा म्हणजे काळा. लंडनमध्ये नायजेरियन घरात वाढलेली मुलगी, केनियातली नटी लुपिता आणि मेरीलँडच्या शेतावरून आलेली काकूंची आई, सगळ्या एकच. २०१३ चा तो गुलामगिरीवरचा मोठा सिनेमा, 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह', त्यात हिरो इंग्लंडचा, डायरेक्टर इंग्लंडचा, आणि ऑस्कर मिळालेली लुपिता न्योंगो केनियाची. मी तेव्हा थेटरात रडले आणि हे डोक्यातही आलं नाही. (त्याच सिनेमाचं इटलीत पोस्टर निघालं त्यावर ब्रॅड पिटचा भला मोठा चेहरा आणि ज्याची गोष्ट तो हिरो खाली कोपऱ्यात इवलासा पळताना, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतली ती पोस्टरं. ब्रॅड पिट सिनेमात जेमतेम थोडाच वेळ आहे.)

आणि इंग्लंडचीच माणसं का, तर त्यालाही कारणं आहेत. तिकडे ड्रामा स्कूलचं शिक्षण तगडं, एरिव्हो लंडनच्या 'राडा' या नावाजलेल्या नाट्यशाळेत शिकली, न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या नाटकांत काम केलं, २०१६ ला टोनी हे तिथलं मोठं बक्षीस मिळालं, म्हणजे वशिल्याने आलेली नाहीच ती. शिवाय त्यांच्याकडे सारखे राजाराणीचे सिनेमे, त्यात काळ्या नटाला काम कुठून मिळणार, मग तो अमेरिकेचं विमान पकडतो. अमेरिकेचा काळा नट सॅम्युअल जॅक्सन २०१७ मध्ये रेडिओवर बोलून गेला होता की हे लोक आमच्यापेक्षा स्वस्तात पडतात. त्यावरून त्याला शिव्याही पडल्या कारण लंडनमध्ये काळं असणं म्हणजे काय फुलांची गादी आहे का. दोन्ही बाजूंचं मला पटतं आणि हीच पंचाईत आहे.

काकूंना मी हे म्हटलं की ती पण बिचारी गोऱ्यांच्या देशात काळी म्हणूनच वाढली ना. त्या म्हणाल्या, हो, पण तिच्या आजीला तिच्या आजीचं नाव माहिती आहे. माझ्या खापरपणजीच्या मागे कागदावर फक्त वय आणि किंमत आहे.

यावर काय बोलणार.

मग वातावरण फारच जड झालं म्हणून मी विचारलं 'द वायर' या टीव्ही मालिकेतला स्ट्रिंगर बेल कसा वाटायचा, आमच्या बाल्टिमोरचाच ड्रग डीलर पण नट इड्रिस एल्बा, अस्सल लंडनचा. काकू लाजल्या चक्क. "तो वेगळा," म्हणाल्या. "त्याला चालतं." तत्त्व वगैरे सगळं ओट्यावर सांडलेल्या चहात गेलं.

गेल्या शनिवारी आम्ही 'सुपर ३०' बघून आलो तेव्हा मी नवऱ्याशी भांडले होते त्या रंगावरून. पाटण्याच्या मास्तरचा रोल आणि ऋतिक रोशनला असा तपकिरी फासलाय की मानेजवळ कुठे संपतो ते शोधत बसावं. बिहारमध्ये सावळा चांगला नट मिळत नाही होय? तेव्हा नवऱ्याने मला उदार मनाने समजावलं की ॲक्टिंग म्हणजे दुसऱ्यासारखं होणंच. बरोबर आहे. पण मग दरवेळी गोराच सावळ्यासारखा होतो, उलटं होताना मी एकदाही बघितलं नाही. इथेही २०१६ ला नीना सिमोन या काळ्या गायिकेवर सिनेमा आला तेव्हा नटी झोई साल्डान्याला काळा रंग आणि खोटं नाक लावलं होतं. ज्या नाकामुळे आणि रंगामुळे नीनाला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं ते मेकअपच्या डब्यातून काढून दुसरीला चिकटवलं. निदान एरिव्होला कोणी रंग लावलेला नाही, पाच फुटांच्या हॅरिएटला उंचीनेही शोभते ती.

आणि हॅरिएट म्हणजे केवढी बाई! १८४९ ला एकटी पळाली आणि सुटली तर गप बसावं ना, नाही, तेराएक वेळा परत गेली आणि सत्तर एक माणसं घेऊन आली. पोरवयात डोक्यात दोन पौंडाचं वजन बसलं होतं, मारणाऱ्याने दुसऱ्यासाठी फेकलेलं, त्यामुळे बोलता बोलता मध्येच झोप लागायची तिला, आणि अशी बाई रात्रीची दलदलीतून माणसं काढत होती. वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा येणार म्हणून २०१६ ला जाहीर झालं आणि आता मेमध्ये अर्थमंत्री म्हणतात २०२८ च्या आधी नवी नोट नाही. काकू म्हणतात, पर्समध्ये यायला तिला पळून यायच्यापेक्षा जास्त वेळ लागतोय.

जाताना मी त्यांना फुल्यांचं सांगितलं. म्हटलं आमच्याकडे पुण्यात एका माणसाने १८७३ साली पुस्तक लिहिलं, 'गुलामगिरी', आणि ते अर्पण कोणाला केलं तर अमेरिकेतल्या चांगल्या लोकांना, ज्यांनी तुमच्या लोकांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली. काकू दारात थांबल्या. १८७३? तेव्हा हॅरिएट जिवंत होती, म्हणाल्या. ते खरंच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, ती १९१३ ला गेली. विजेच्या बिलाच्या पाकिटावर माझ्याकडून नाव लिहून घेतलं त्यांनी, 'जोतीराव' चा उच्चार तीनदा करून बघितला. मग विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांनी वाचलेलं असेल ना?"

मी हो म्हणून टाकलं. शाळेत जोड्या लावा मध्ये यायचं, एक मार्क. पुस्तक मी आजपर्यंत उघडलेलं नाही. उद्या कुठे मिळतं बघते, पाकीट घेऊन त्या परत येणार हे नक्की.

नोव्हेंबरची १ तारीख शुक्रवारी येते, मी रजा टाकणार आहे. सकाळचा शो स्वस्त असतो म्हणून काकूंनी तोच ठरवलाय, गाडी मी चालवायची, पॉपकॉर्न त्यांचे. आणि आधीच सांगून ठेवलंय की त्या पोरीचं बोलणं एका जागी जरी लंडनला गेलं तर त्या थेटरात मोठ्याने दुरुस्त करणार, मी लाजायचं नाही.