उद्यानात रुजू झालेले नवे सहकारी

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात आज देखभालीच्या कामावर एक नवे सहकारी रुजू झाले, याचा मला मनापासून आनंद झाला आहे. एके काळी शहराचा कचरा जिथे टाकला जाई, त्याच जमिनीवर झाडे वाढवून १९९४ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. त्यामुळे इथे देखभाल म्हणजे केवळ झाडलोट नव्हे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे असे मला वाटत होते.

सकाळी चहा झाल्यावर आम्ही पायवाटेने फिरलो. इतर बागांत पालापाचोळा गोळा करून पोत्यांत भरतात, इथे मात्र वाटेवरचा पाला झाडून पुन्हा झाडांच्या बुंध्याशीच टाकायचा, कारण तो कुजून माती होते आणि त्याच्या ओलाव्यात गांडुळे व गोगलगायी राहतात, हे ऐकल्यावर दादांनी खाली बसून हाताने पाला बाजूला केला आणि खालची काळी, भुसभुशीत माती चिमटीत घेऊन पाहिली. “आमच्या गावी शेतात असंच करतात,” ते म्हणाले. पुढे एका फाटकाची बिजागरी कुरकुरत होती. कोणी काही सांगण्याआधीच त्यांनी तेलाची बाटली मागून घेतली.

शाळेच्या सहलींतील मुलांना फुलपाखरे दाखवणाऱ्या आम्हा लोकांचे कौतुक पुष्कळ होते, पण ती वाट सुरक्षित आणि स्वच्छ ठेवणाऱ्यांची ओळख मुलांना क्वचितच करून दिली जाते. पुढच्या सहलीपासून मी ती आवर्जून करून देणार आहे. दादा, आपले मनःपूर्वक स्वागत!