दहापैकी सहा वर्षे

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावात मुलाखती घेत होतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तोपर्यंत घरी परतलेली असतात आणि पेरणीची घाई अजून सुरू झालेली नसते, म्हणून हे दिवस मुद्दाम निवडले होते. मी आरोग्य-अर्थशास्त्राची अभ्यासक आहे. माझे बहुतेक काम संगणकासमोर, खर्चाच्या तक्त्यांत चालते. पण त्या तक्त्यांमधले आकडे कुणाच्या तरी ओसरीवर बसून गोळा केलेले असतात, आणि ते कसे गोळा होतात हे स्वतः पाहिल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही. त्या दिवशी आमच्या मुलाखतकार मुलीच्या शेजारी मी बसले होते, मध्ये न बोलण्याच्या अटीवर.

उत्तरे देणाऱ्या ताई तेहेतीस-चौतीस वर्षांच्या होत्या. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे लिंबाची सावली, आणि त्या सावलीत सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसलेली त्यांची सहावीतली मुलगी. लग्न झाल्यापासून ताई नवऱ्याबरोबर दर दिवाळीनंतर कोयत्यावर जात. मुलगी तेवढे महिने आजीकडे राही.

आमची प्रश्नावली पाच बाबींची असते: चालणे-फिरणे, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा नैराश्य. प्रत्येक बाबीला पाच पातळ्या, 'काही त्रास नाही' पासून 'अजिबात जमत नाही' पर्यंत. या जुळणीतून ३,१२५ आरोग्य-अवस्था तयार होतात, आणि प्रत्येक अवस्थेला पाच आकडी नाव मिळते: १११११ म्हणजे ठणठणीत, आणि ५५५५५ म्हणजे सगळ्यात वाईट. युरोकोल या संशोधकांच्या गटाने ही पद्धत घडवली आणि आज ती जगभर वापरली जाते.

पहिला भाग स्वतःच्या प्रकृतीचा होता. "नेहमीची कामं करताना काही अडचण येते का?" असे विचारल्यावर ताईंनी लगेच नाही म्हणून सांगितले. पुढच्या प्रश्नावर मात्र त्या म्हणाल्या, "पिशवी काढल्यापासून कंबर लई धरती. मोळी उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येती." मुलाखतकार मुलीने आधीचा प्रश्न नियमाप्रमाणे पुन्हा वाचून दाखवला. ताईंचे उत्तर तेच होते. "काम थांबतंय का? नाही ना थांबत. मग अडचण कसली?" वेदनेच्या रकान्यात चौथ्या पातळीवर खूण झाली आणि कामाच्या रकान्यात पहिल्या. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, राज्य सरकारने समितीही नेमली. त्या शस्त्रक्रियेनंतरचे जगणे आमच्या कागदावर कसे उतरते, हे मी त्या दोन खुणांमध्ये पाहिले.

दुसरा भाग अवघड असतो. पडद्यावर दोन आयुष्ये दाखवली जातात. एकात दहा वर्षे, पण ठरावीक आजारी अवस्थेत. दुसऱ्यात पूर्ण निरोगी, पण कमी वर्षे. निरोगी आयुष्याची वर्षे वरखाली करत न्यायची आणि उत्तर देणाऱ्याला दोन्ही आयुष्ये सारखीच वाटू लागली की थांबायचे. दहा आजारी वर्षे सात निरोगी वर्षांइतकी वाटली, तर त्या अवस्थेचे मूल्य ०.७. एखादी अवस्था मरणापेक्षाही वाईट वाटली, तर मूल्य शून्याच्या खाली जाते, आणि त्यासाठी पडद्यावर वेगळी मांडणी असते. प्रत्येक माणसाला अशा दहा अवस्था दाखवतात.

सौम्य अवस्थांना ताईंनी विचार करून उत्तरे दिली. थोडे दुखणे, बाकी सगळे ठीक, यासाठी त्या दहातले अर्धे वर्ष सोडायला तयार झाल्या. मग तीव्र वेदनेची अवस्था आली. पडदा आधी दहा वर्षांवर असतो, मग एकदम शून्यावर जातो, मग पाचावर येतो. शून्यावर त्यांनी मान हलवली. आत्ताच मरण नको, दुखले तरी चालेल. पाच निरोगी वर्षे? नको. सहा? त्या थांबल्या, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाल्या, "आता चालंल. आता दोन्ही सारखंच."

पुढची अवस्था याहून वाईट होती. पुन्हा सहा. त्याच्या पुढची, पुन्हा सहा. मुलाखतकार मुलीने माझ्याकडे पाहिले. तिच्या मनात काय आले ते मला कळले. एकाच आकड्यावर अडकलेली उत्तरे दिसली की कंटाळून काहीतरी सांगितले असे समजतात, आणि अशा मुलाखती गुणवत्ता-तपासणीत बाजूला पडू शकतात. शेवटी ५५५५५ आली. चालता येत नाही, अंघोळ करता येत नाही, कपडे घालता येत नाहीत, कुठलेच काम जमत नाही, पराकोटीच्या वेदना, पराकोटीची चिंता. अनेक जण इथे मरण बरे म्हणतात. ताईंनी वर्णन दोनदा वाचून घेतले. "असं झाल्यावर माझं करणारं कोण असंल?" त्यांनी विचारले. प्रश्नावलीत याचे उत्तर नाही, आणि मुलाखतकाराला आपल्या मनाने काही भर घालण्याची परवानगी नसते. "इथं लिहिलंय तेवढंच धरा, ताई," ती म्हणाली. ताईंनी लिंबाखाली पाहिले. मुलगी सूप पाखडत होती. "सहाच," त्या म्हणाल्या.

मुलाखत संपल्यावर सगळ्या अवस्था त्यांनी दिलेल्या क्रमाने पुन्हा दाखवल्या जातात आणि एखादे उत्तर पटत नसेल तर सांगायला सुचवले जाते. ताईंना सगळी उत्तरे पटली. मग मी माझी अट मोडली आणि विचारले, "सहाच का, ताई?"

"पोरगी बाराची हाय, म्याडम. अठराची हुस्तोर मला मरायचं नाही. मी गेले की वरीसभरात तिचं लगीन लावून देतेत, अन् तिच्या हातात कोयता येतोय. मी खाटंवर पडून असले तरी म्हणता येतं, आई हाय, आईला इचारा."

मग त्यांनी मुलाखतकार मुलीला ती किती शिकली हे विचारले, आणि 'एमएसडब्ल्यू' हे उत्तर आपल्या लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा वदवून घेतले.

परतताना गाडीत मी त्या ०.६ चा हिशेब करत होते. एखाद्या उपचारावर जास्तीचा किती खर्च होतो आणि त्यातून गुणवत्तेसह मोजलेली जास्तीची किती आयुर्वर्षे मिळतात, या भागाकारावर आमचे शास्त्र चालते. त्या आयुर्वर्षाला आम्ही रोजच्या बोलण्यात 'क्वाली' म्हणतो. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेली नाइस ही संस्था याच मापाने औषधे स्वीकारते किंवा नाकारते. आपल्याकडे २०१७ साली केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली अशा मूल्यमापनाची यंत्रणा सुरू झाली, आणि एका क्वालीचा खर्च दरडोई उत्पन्नाच्या, म्हणजे सध्या दोन ते अडीच लाख रुपयांच्या, आत बसतो का हे पाहण्याची प्रथा आहे.

आता समजा, त्या तीव्र वेदनेच्या अवस्थेतून माणसाला दहा वर्षांसाठी पूर्ण बाहेर काढणारा एक उपचार आहे आणि त्याचा खर्च १० लाख ८० हजार रुपये आहे. (पुढच्या वर्षांचे मूल्य दरसाल कमी धरण्याचा नियम मी इथे बाजूला ठेवते.) ज्याने त्या अवस्थेला ०.१ दिले, त्याच्या उत्तराप्रमाणे या उपचाराने दरसाल ०.९, म्हणजे दहा वर्षांत ९ क्वाली मिळतात, आणि एका क्वालीचा खर्च १ लाख २० हजार पडतो. उपचार मंजूर. ताईंच्या ०.६ प्रमाणे मिळतात ४ क्वाली, प्रत्येकी २ लाख ७० हजारांची. उपचार नामंजूर. मुलीसाठी वेदना सोसायची ज्या बाईची तयारी आहे, तिच्या उत्तरामुळे ती वेदना आमच्या हिशेबात हलकी ठरते, आणि ती दूर करणे महाग ठरते. एका मुलाखतीने सरासरी हलत नाही हे मला माहीत आहे. पण त्या पट्ट्यात लहान लेकरे असलेल्या बायका थोड्या नाहीत.

आमच्या बैठकीत यावर दोन दिवस वाद झाला. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की ही मुलाखत वगळावी, कारण ताईंनी आरोग्याचे मूल्य सांगितलेच नाही, मुलीचे वय सांगितले. आपण जे मोजायला गेलो ते मोजले गेले नाही. हा मुद्दा शास्त्राच्या दृष्टीने खरा आहे आणि मी तो उडवून लावला नाही. पण वगळले, तर आयुष्याचा विचार एकट्यापुरता करू शकणाऱ्यांचीच उत्तरे उरतात, आणि त्यांच्या पसंतीला आपण समाजाची पसंती म्हणतो. २०२२ साली चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी भारताची स्वतःची मूल्यसूची, म्हणजे प्रत्येक आरोग्य-अवस्थेला किती मूल्य धरायचे याची यादी, प्रसिद्ध केली. त्याआधी आम्ही थायलंड, इंग्लंड अशा देशांची उसनी मूल्ये वापरत असू. आपल्या माणसांची मूल्ये हवीत म्हणून इतका खटाटोप करायचा, आणि एका बाईने आपल्या पद्धतीने उत्तर दिले की तिला चाळणीतून खाली टाकायचे, हे मला मान्य नव्हते.

शेवटी मुलाखत ठेवली. उरलेल्या गावांसाठी प्रश्नावलीच्या शेवटी दोन गोष्टी वाढवल्या: घरातल्या सर्वांत लहान मुलाचे वय, आणि 'तुम्ही या वर्षावर का थांबलात?' हा मोकळा प्रश्न. त्याची उत्तरे कुठल्याच सूत्रात बसत नाहीत, म्हणून ती आम्ही उत्तर देणाऱ्यांच्याच शब्दांत टिपून घेतली. एका गृहस्थांनी सोसायटीच्या कर्जाचे हप्ते मोजले होते. एका आजींनी सगळी वर्षे सोडली, नातू नोकरीला लागला म्हणून. अहवालात लहान मुले असलेल्या आणि नसलेल्या घरांची मूल्ये आम्ही वेगवेगळ्या ओळींत छापली आणि दोन्हींचा भागाकार शेजारी-शेजारी दाखवला. कोणती ओळ वापरायची हे ठरवणाऱ्यांनी निदान दोन ओळी आहेत हे पाहून ठरवावे, एवढे मला त्या वर्षी करता आले.