कसुरी मेथी कुठली घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या हातची मटार-पनीर खाल्ली की हा प्रश्न हमखास येतो, कसुरी मेथी आम्हीही घालतो पण आमची नुसती गवतासारखी लागते, तू कुठल्या ब्रँडची घेतेस?

ब्रँडचं नाव सांगून खरंच उपयोग नाही, कारण एकाच ब्रँडचं एक पाकीट घमघमीत निघतं आणि दुसरं दुकानाच्या दारात उन्हात टांगून टांगून पार मेलेलं असतं. म्हणून बघायचं ते पान. रंग गडद हिरवा हवा, पिवळट-तपकिरी झालेली म्हणजे जुनी, आणि अगदी पोपटी हिरवीगार दिसली तरी मी घेत नाही, वाळलेलं पान असं दिसतच नाही. पानं बऱ्यापैकी अख्खी हवीत. पाकिटाच्या तळाशी भुगा आणि मध्ये पिवळ्या काड्याच काड्या दिसल्या तर ठेवून द्या, काडीला चव नसते आणि ती दाताखाली येते ते वेगळंच. पॅकिंगची तारीख बघा, आणि स्वस्त पडतं म्हणून मोठं पाकीट आणू नका, घरात दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा.

आणल्यावर आधी चाळून घ्या. ही मेथी जास्त करून राजस्थानातल्या नागौर भागातून येते, तिकडे उघड्यावर वाळवतात त्यामुळे बारीक रेती असतेच, चाळणीखाली कागद धरला की दिसते. मग काचेच्या कोरड्या बरणीत, आणि बरणी गॅसच्या वरच्या फळीवर अजिबात नको, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही लागतात.

आता वापरायचं कसं, खरी गडबड इथेच होते. बरेच जण फोडणीत टाकतात, तेलात ती क्षणात करपते आणि कडू होते. मी तवा गरम करून गॅस बंद करते, मेथी त्यावर टाकून जराशी हलवते, अर्धा मिनिट पुष्कळ झालं, पान कुरकुरीत झालं पाहिजे पण रंग बदलता कामा नये. मग तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळायची आणि थेट कढईवर सोडायची, भाजी पूर्ण झाल्यावर, गॅस बंद करायच्या जरा आधी, आणि वर झाकण. चोळताना नाकाशी न नेता वास आला तर मेथी चांगली. आला नाही तर दुप्पट घालू नका, फक्त कडूपणा वाढेल. चार जणांच्या भाजीला एक चमचा चुरा बास होतो.

दुसरा प्रश्न, घरी जुडी वाळवली तर चालेल का? चालेल, पण ती कसुरी होणार नाही. आपली बाजारातली मेथी आणि कसुरी ही दोन वेगळी झाडं आहेत, आपल्या मेथीला पांढरट फुलं येतात, कसुरीला पिवळी, आणि वासही कसुरीचाच जास्त. तरी थंडीत जुड्या स्वस्त झाल्या की मी वाळवतेच. नुसती पानं खुडायची, धुवून पंचावर पाणी पूर्ण टिपायचं आणि घरातच पंख्याखाली पसरायची, उन्हात रंगही जातो आणि वासही. जुडीभर पानांची जेमतेम मूठभर होते. ती थालीपिठात, खाऱ्या शंकरपाळ्यात, मुगाच्या साध्या वरणात फार छान लागते. पनीरला मात्र नागौरचीच घ्या.