पोळी कुणासाठी थांबत नाही

“जेवायला या” म्हटल्यावर “आलोच, पाच मिनिटं” हे उत्तर ज्या घरात रोज ऐकू येतं, त्या घरात फुलके करू नयेत. फुलका फुगतो तो आत कोंडलेल्या वाफेवर. वाफ निघून गेली की दीड-दोन मिनिटांत तो बसतो, आणि पाच मिनिटांनी त्याच्या कडा वातड होतात. लोकलच्या भरवशावर एक जण आठला आणि दुसरा साडेनऊला घरी पोचतो अशा ठाण्यातल्या घरांत घडीची पोळी बरी. तिच्या पोटात तेल असतं, त्यामुळे ती डब्यात तीन-चार तास सहज मऊ राहते. दोन वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ. मळून झाकून वीस मिनिटं तरी ठेवायची. घडी घालताना तेलावर चिमूटभर पीठ भुरभुरलं नाही तर पदर एकमेकांना चिकटतात आणि पोळी फुगत नाही. भाजलेली पोळी लगेच डब्यात टाकली तर वाफेचं पाणी होऊन तळातल्या पोळ्या ओल्या होतात. आधी अर्धा मिनिट जाळीवर, मग फडक्यात, मग डब्यात.

कुठला पदार्थ किती वेळ थांबू शकतो, याचा हिशोब डोक्यात असला की घरी काय करायचं, बाहेर काय खायचं आणि घरपोच काय मागवायचं हे आपोआप ठरतं. जेवणातल्या निम्म्या शिष्टाचारांचं मूळही तिथेच आहे.

वरण-भात हा थांबणाऱ्यांचा राजा. तो बाहेर मागवण्यात काही अर्थ नाही, कारण घरी तो नेहमी जास्त चांगला होतो. मात्र घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत एक तक्रार हमखास असते: डाळ शिजतच नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ वेगळी, पाणी वेगळं. दोष बहुधा डाळीचा नसतो, टँकरच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याचा असतो. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. इलाज सोपा आहे. डाळ धुवायला नळाचं पाणी चालेल, भिजवायला आणि शिजवायला मात्र आरओचं घ्यायचं. वाटीभर तूरडाळीला तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, चार थेंब तेल. अर्धा तास भिजवलेली असेल तर मध्यम आचेवर चार शिट्ट्या पुरतात. सोडा टाकायची वेळ आलीच तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच, नाहीतर वरणाला साबणासारखी चव येते. चिंच, कोकम, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबटामुळेही डाळ अडून बसते.

भाताला वाडा कोलम घ्यावा. वाडा तालुका आता पालघर जिल्ह्यात असला तरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यातच होता. या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मग बाजारातला प्रत्येक बारीक तांदूळ ‘वाडा कोलम’ झाला. दुकानदाराला नावापेक्षा तांदळाचं वय विचारावं. जुन्या तांदळाला वाटीला दोन वाट्या पाणी लागतं, नव्याला पावणेदोनही जास्त होतं. नवा तांदूळ जुन्याच्या मापाने लावला की गिच्च गोळा होतो आणि दोष कुकरला जातो.

मिसळ बाहेर, आणि तीही तिथेच बसून. ठाण्यात मिसळ म्हणजे मामलेदार कचेरीजवळची, यावर वाद घालायला कुणी येत नाही. तिखटाचा अंदाज नसेल तर कमी तिखट मागावी, त्यात कमीपणा काही नाही. जीभ पोळल्यावर पाणी प्यायल्याने भागत नाही, कारण मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, फक्त तोंडभर पसरतो. ताक किंवा दही घ्यावं.

घरच्या मिसळीवर तर्री का येत नाही, याचं पहिलं कारण तेलाचा संकोच. चार माणसांच्या कटाला, म्हणजे वरून ओतायच्या रश्शाला, सहा मोठे चमचे तेल लागतंच. दोन मोठे कांदे उभे चिरून आणि अर्धी वाटी सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, दोन्हींत बारा-पंधरा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि चमचाभर धणे घालून गंधासारखं वाटायचं. हे वाटण तेलात परतताना कडेने तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, सात-आठ मिनिटं जातात. मग गॅस बंद. मिनिटभराने दोन मोठे चमचे तिखट घालायचं, निम्मं रंगाचं बेडगी आणि निम्मं झणझणीत. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून पाण्याआधी त्याला तेल भेटायला हवं. गॅस चालू ठेवून टाकलं तर दहा सेकंदांत काळं पडतं, आणि तो कडूपणा नंतर गुळानेही जात नाही. त्यावर सहा वाट्या उकळतं पाणी आणि मीठ, मग अगदी मंद आचेवर वीस मिनिटं. इथेच बहुतेकांचं बिघडतं: रस्सा खळखळून उकळला की तेल त्यात मिसळून जातं आणि वर तवंग धरत नाही. वाटण जास्त झालं तरी तेच होतं, दाट रस्सा तेलाला वर येऊ देत नाही.

मटकीचे मोड हा दुसरा घोळ. आपल्या दमट हवेत मे महिन्यात रात्रभर भिजवलेली मटकी आठ-दहा तास बांधून ठेवली तरी पुरते. पुस्तकात चोवीस तास लिहिलंय म्हणून बांधून ठेवली तर उघडताना आधी वास येतो. थंडीत चौदा-पंधरा तास ठीक.

आता वाढणं. खाली उसळ, त्यावर फरसाण, वरून कढत कट, मग कांदा, कोथिंबीर, लिंबू. कट पडल्यापासून फरसाण दोन मिनिटं कुरकुरीत असतं. फोटोसाठी ताटली फिरवणाऱ्याने हे दोन मिनिटांचं मोल लक्षात घ्यावं, आणि समोरच्यालाही आपला फोटो होईपर्यंत ताटकळत ठेवू नये. एकत्र गेलो तरी मिसळ ज्याची आधी आली त्याने सुरू करावी. “सगळ्यांचं येऊ दे” हा नियम पंगतीतला, मिसळीच्या टेबलावर तो लावला तर पहिल्याला लगदा खावा लागतो.

मासे खायला बाहेर पडणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं. ताजा बोंबील तळून टेबलावर यायला दहा-बारा मिनिटं लागतात. ऑर्डर दिल्यावर चौथ्या मिनिटाला आला तर तो आधी तळून ठेवलेला आहे आणि पुन्हा तेलात बुडवून आणलाय, असं खुशाल समजावं. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तो अजिबात थांबत नाही. तळल्यावर पाच-सहा मिनिटांत आतलं पाणी कवचात शिरतं आणि तो लोळायला लागतो. घरी करायचा तर डोकं, शेपटी आणि पंख काढून पोटातून उभा चिरायचा आणि पुस्तकासारखा उघडायचा. मीठ-हळद लावून दोन फडक्यांमध्ये ठेवायचा आणि वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं अर्धा तास. फडकं चिंब ओलं झालं नाही तर वजन कमी पडलं. मग आलं-लसूण, तिखट आणि थोडं कोकमाचं आगळ. वरच्या थराला दोन भाग तांदळाचं पीठ, एक भाग बारीक रवा. नुसत्या रव्याने तो वाळूसारखा लागतो, नुसत्या पिठाने चामड्यासारखा. मध्यमपेक्षा थोडी मोठी आच, एका बाजूला चार मिनिटं, आणि त्याआधी उलथणं लावायचं नाही. तव्याला चिकटलाय असं वाटलं तरी नाही. कवच झालं की तो स्वतःच सुटतो.

बोंबील घ्यायला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याकडे किंवा बेलापूरच्या दिवाळे गावाकडे सकाळी जावं. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. त्या दोन महिन्यांत हॉटेलात पापलेट-सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला बर्फातला मासा मिळतो. तेव्हा सुकं खावं, सोडे खावेत, खाडीतलं जे येईल ते खावं. सोलकढी शेवटी येते म्हणून तिला कमी लेखू नये, पण तिला शिळेपण सोसत नाही. सकाळची रात्री प्यायला घेतली तर वर पाणी आणि खाली चोथा झालेला असतो. आणि कधी चुकून गरम केली तर फुटतेच.

घरपोच मागवताना कसोटी एकच. बिर्याणी अर्ध्या तासात बिघडत नाही, उलट मुरते. डोसा, पुरी, तळलेलं काहीही झाकणबंद डब्यात घामेजून येतं, आणि त्यासाठी पोचवणाऱ्या मुलाला बोल लावणं अन्यायाचं आहे. स्टेशनसमोरच्या कुंजविहारचा भलाथोरला वडा घरी न्यायचाच असेल तर पाव वेगळा बांधून घ्यावा आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवावं. घरी मायक्रोवेव्हमध्ये नाही, कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं.

पानाची रीत पोथीतली वाटते, पण तिच्यात सोय आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे जे बोटभर लागतं ते. उजवीकडे भाजी, आमटी, म्हणजे जिथे हात सारखा जातो ते. मध्ये भाताची मूद. मूद वाटीने पाडतात ती नुसती दिसायला नव्हे, दाबलेला भात लवकर गार होत नाही आणि वरण धरून ठेवतो. वाढणाऱ्याने मीठ आधी, तूप शेवटी वाढावं, कारण तूप पडलं की पान तयार आहे असा त्याचा अर्थ होतो.

उष्ट्या हाताचा नियम हॉटेलातही पाळावा. उजवा हात ताटात, डावा कोरडा. भाजीचा डाव डाव्या हाताने घेणं कुणा थोरल्यांना खटकतं, पण आमटीने माखलेल्या उजव्या हाताने रोटीची टोपली चिवडण्यापेक्षा ते बरं. मधल्या वाटीतून थेट तुकडा बुडवून घेणं मात्र अक्षम्य, घरचीच माणसं असली तरी.

आग्रह करणाऱ्यांविषयी माझं मत जरा कडक आहे. एकदा विचारणं अगत्य, दुसऱ्यांदा विचारणं प्रेम, तिसऱ्यांदा न विचारता वाढणं हे अन्नाची नासाडी करायला लावणं. नको असेल तर “पुरे” म्हणून भागत नाही, ते ऐकू येत नाही. पानावर तळहात आडवा धरावा आणि वाढणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघावं. लग्नातल्या बुफेत आग्रह नसतो, तरी ताटात ढीग होतो, कारण पहिल्याच टेबलावर सगळं घेतलं जातं. ताट न घेता आधी एक फेरी मारून यावी. जिलबीच्या कढईशी गर्दी असेल तर तिथे आधी जावं, पाक गार झाला की ती चिवट होते.

बिलाचं थोडक्यात. रेस्टॉरंटच्या जेवणावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात घालायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. बिलात दिसला तर आवाज न चढवता काढायला सांगावा, मग वाढणाऱ्याच्या हातात रोख टीप द्यावी, त्याला ती थेट मिळते. आणि बाहेर रांग लागलेली असेल, विशेषतः रविवारी दुपारी राम मारुती रोडला, तर बडीशेप चघळत गप्पा मारायला तलावपाळीचे कट्टे आहेत, टेबल सोडावं.