आमची वाटचाल : विश्रामबागचं चपाती-भाकरी केंद्र

सांगलीत विश्रामबागला आमचं केंद्र दोन शेगड्यांवर सुरू झालं. आज कामावर असलेल्या नऊही जणी जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या. भाकरी त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. बाई शहरात टिकते की महिन्याभरात गावी परतते, ते खोली, पैसा आणि पोरांची शाळा यांवर ठरतं. केंद्राची घडी आम्ही त्याच हिशेबाने बसवत गेलो.

पहिली चूक ओट्याची झाली. गावाकडे बाई बसून थापते, चूल समोर असते. आम्ही 32 इंची ओटा बांधला आणि आठ दिवसांत सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या, खांदे धरले. भाकरीला तळहाताचा जोर वरून लागतो. परात उंचावर गेली की तो खांद्यातून काढावा लागतो. मग लोखंडी अँगलवर 10 इंच उंचीची बैठी शेगडी करून घेतली. चपाती मात्र उभ्यानेच. दर दीड तासाला जागा बदलायच्या.

किलोभर ज्वारीच्या पिठात 10-11 भाकऱ्या होतात, गव्हाच्या पिठात 45 ग्रॅमच्या गोळ्याने 35 चपात्या. ज्वारी चार दिवसांपुरतीच दळायची. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी कडेला फाटते आणि नवी बाई उगाच स्वतःला दोष देते. गरम चपाती थेट डब्यात भरली की वाफ धरते, तळच्या चार चिकटतात; आधी सुती कापडावर सात-आठ मिनिटं पसरायची. जतच्या पूर्व भागातल्या बायका घरी कन्नड बोलतात, म्हणून फळ्यावर ऑर्डर आकड्यांत आणि खुणांनी लिहितो.

मजुरी सुरुवातीला नगावर होती. त्यात नव्या बाईच्या हाती कमी पैसे पडत, म्हणून ती घाई करी आणि कडा कच्च्या राहत. आता पहिले दोन महिने हजेरीवर रोजंदारी, ती दर शनिवारी तिच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात आम्ही पैसे टाकत नाही.

ऊसतोडीची उचल या पट्ट्याला चांगली माहीत आहे: फिटेपर्यंत सुटका नाही. म्हणून रोख उचल आम्ही देत नाही. खोलीचं डिपॉझिट थेट घरमालकाला भरतो, पावतीवर बाईचं आणि केंद्राचं अशी दोन्ही नावं घालतो. सहा हप्त्यांत, बिनव्याजी कापतो. मधेच काम सोडलं तर उरलेली रक्कम डिपॉझिटमधून वळती होते, तिच्या डोक्यावर काही राहत नाही.

एकट्या बाईला खोली मिळवणं सगळ्यात अवघड. ‘मालक कुठं असतात?’, म्हणजे नवरा कुठं, हाच पहिला प्रश्न. आधारची प्रत आणि केंद्राचं पत्र घेऊन आमच्यापैकी कुणीतरी सोबत जातं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची आठवणही घरमालकाला आम्हीच करतो. स्वस्त खोली दिसली की शेजाऱ्यांना आधी विचारायचं, 2019 च्या पुरात इथं पाणी कुठवर आलं होतं?

रेशनकार्ड गावचं असलं तरी आधारशी जोडलेलं असेल तर सांगलीतल्या दुकानात धान्य मिळतं. अडतं ते अंगठ्यावर. तव्याच्या चटक्यांनी बोटं गुळगुळीत होतात, यंत्र ठसा घेत नाही. आधार केंद्रावर ठसे पुन्हा देऊन यायला त्या दिवशी भरपगारी सुट्टी. शाळेचा दाखला गावाहून यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. त्या कलमाची प्रत आम्ही बाईच्या हातात देतो.

पौषात खरसुंडीची यात्रा, पुढे ज्वारीची काढणी. त्या दिवसांत नवे डबे धरत नाही आणि गावी गेलेल्या बाईची जागा दुसरीला देत नाही. ज्वारी उपटून हातांना फोड आलेले असतात, आधणाच्या पिठाला हात लावता येत नाही. परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस तिला डबे भरायला बसवतो.